खोडवा

माझ्या धाकट्या मुलीला मी नावाने हाक मारत नाही. 'अगं' म्हणते. शाळेतल्या दोनशे पोरांची नावं बापाच्या नावासकट पाठ असलेली विज्ञानाची बाई स्वतःच्या मुलीला नुसतं 'अगं' म्हणते, हा विषय आमच्या स्टाफरूममध्ये चवीने चघळून झाला आहे. चघळू देत. तिचं नाव राजमती भरतेश मगदूम आहे, आणि ते तिचं नाही, तिच्या बहिणीचं आहे.

मोठी राजमती सात वर्षांची असताना तिच्या हातून पेन्सिली पडायला लागल्या. आधी मी रागावले. मग तिची अक्षरं ओळ सोडून खाली उतरू लागली, पाऊल बाहेरच्या कडेवर पडू लागलं, हाक मारली की ती भलतीकडेच बघू लागली. मेंदूचा एमआरआय झाला. आजाराचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. माहीत असलेले सगळे जीन तपासून झाले, एकातही दोष सापडला नाही. मेंदूतल्या तारांवरचं मायलिन झडतंय, एवढंच त्या चित्रावरून कळत होतं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आला असता तर..." आणि थांबले. त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं. माझा नवरा ते अजून पुरं करतोय.

नवव्या वर्षी ती घरीच गेली. शेवटी शेवटी आम्ही तिला दवाखान्यात नेलंच नव्हतं, त्यामुळे ती गेल्याचं तिथे कुणाला कळवायचंही आमच्या डोक्यात आलं नाही.

भरतेश आणि मी जयसिंगपूरच्या कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून आमच्यात अहो-जाहो नाही. बीएस्सी करून त्याने शिरोळजवळ आमच्या गावी उसाच्या रोपांची नर्सरी टाकली. ऊस तोडला की जमिनीत राहिलेल्या बुडख्याला पुन्हा कोंब फुटतात, त्याला खोडवा म्हणतात. नवी लागण करावी लागत नाही, तोच ऊस परत येतो. भरतेशचं सगळं आयुष्य उसाच्या कोंबांवर चाललेलं आहे आणि खोडव्यावर त्याची श्रद्धाही तेवढीच आहे.

मोठी गेल्यावर दोन वर्षांनी धाकटी झाली. मोठीला एकदा डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका बसला होता. धाकटीच्या त्याच मनगटावर जन्मतः तांबूस डाग होता. भरतेशने तो पाहिला आणि ढसाढसा रडला.

"सुनीती, खोडवा आलाय गं," तो म्हणाला.

मी बाळंतीण, अंगात त्राण नव्हतं. नाहीतर तिथेच सांगितलं असतं, की मी शेत नाही.

सहा महिन्यांत तो डाग पुसून गेला. "वळख पटली, मग कशाला राहतोय त्यो?" भरतेश म्हणाला. आम्ही जैन. आमच्या बस्तीतल्या, म्हणजे मंदिरातल्या, उपाध्यांनीसुद्धा त्याला समजावलं की जीव आपल्या कर्माने जातो, जुना पत्ता शोधत येत नाही. ऐकेल तो भरतेश कसला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं; त्याने बहिणीला आधीच बजावून ठेवलं होतं. मी दुसरं नाव सुचवलं की तो ताटावरून उठायचा. शेवटी मी भांडणं सोडलं आणि 'अगं' म्हणायला लागले.

मोठीचा फोटो आमच्या सोप्यात, दर्शनी खोलीत, आहे. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. त्याला हार नाही. नवे पाहुणे विचारतात, "राजूचा ह्यो कधीचा फोटो?" आणि भरतेश म्हणतो, "लहान हुती तवाचा."

मोठीच्या गोष्टी तो धाकटीला तिच्याच म्हणून सांगायचा. तू नदीला भ्यायचीस. तुला केळं आवडायचं नाही. तू रोपांच्या शेडमध्ये गारव्याला झोपायचीस. तू आजारी कशी पडलीस, तेही. झालं. ही केळं खात नाही, आणि पुलावर माझा हात घट्ट धरते. एकदा मी भाकरी करत होते, ती शेजारी बसली होती. एकदम म्हणाली, "आई, मी मेलो तवा तू लई रडलीस काय?" आमच्याकडे मुलीही आलो, गेलो असंच बोलतात. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. म्हणाले, "अगं, पाण्याचा तांब्या दे."

ती सातची झाली तसा डॉ. शहनाज मुतवल्लींचा फोन आला. त्या मेंदूच्या दुर्मिळ आजारांच्या डॉक्टर. मोठीच्या वेळी त्या नव्हत्या, पण धाकटीला मी जन्मापासून त्यांना दाखवत होते. असल्या आजारात सख्ख्या भावंडाला चारात एक धोका धरतात. जीनच माहीत नाही म्हटल्यावर रक्त तपासून उपयोग नव्हता. उरला एमआरआय, आणि त्याला भरतेश तयार नव्हता, कारण लहान मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागायची.

"आता भूल लागत नाही मॅडम," डॉक्टर म्हणाल्या. "आमच्या नवीन केंद्रात चार मिनिटांत होतं. आणि हेच वय आहे बघा. काही निघालं तर लक्षणं दिसायच्या आत उपचार करता येतो. लक्षणं सुरू झाली की मग तोही चालत नाही."

भरतेशने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

केंद्र हायवेला लागून होतं. काचेचं, थंडगार, औषधाचा वास नसलेलं. दारातल्या कॅमेऱ्याने धाकटीचा चेहरा टिपला. मशीनच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून मी तिला आत नेऊन तिचे डूल आणि पैंजण काढत बसले. बाहेर काउंटरवर भरतेश एकटा होता. काचेतून पाहिलं तर तो पडद्याकडे बघत डोळे पुसत होता. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं, मूर्तीच्या पायाला लावावं तसं.

"काय झालं?" तो आत आल्यावर मी विचारलं.

"काय न्हाई. राजूचा जुना रेकॉर्ड निघाला."

मला बरंच वाटलं. तुलनेसाठी बहिणीची जुनी चित्रं हवीत असं डॉक्टरच म्हणाल्या होत्या.

धाकटी आत गेली आणि मी वेटिंगमधली पाटी वाचून होईपर्यंत बाहेर आली. "एवढंच?" म्हणाली. तिची जरा निराशाच झाली होती.

चित्र दाखवायला डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मी पोरांना चुंबकत्व शिकवते, त्यामुळे हे मशीन काय करतं ते मला समजतं. आपल्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, आणि त्याच्या प्रत्येक अणूचं केंद्र म्हणजे एक इवलासा चुंबक. माणसाला मोठ्या चुंबकात ठेवलं की ही केंद्रं, प्रार्थनेच्या रांगेत पोरं उभी राहावीत तशी, एका दिशेने उभी राहतात. रेडिओलहरीचा धक्का दिला की कलतात, आणि पुन्हा सरळ होताना एक बारीकसा संकेत सोडतात. मशीन तो ऐकतं आणि त्यावरून चित्र काढतं. मायलिन म्हणजे मेंदूतल्या तारांवर घट्ट गुंडाळलेलं चरबीचं वेष्टण. तिथे मोकळ्या पाण्याला जागा नसते, म्हणून चित्रात तो भाग काळसर येतो. वेष्टण झडलं की तिथे पाणी शिरतं आणि जागा पांढरी होते. प्रत्येक आजाराची सुरुवातीची जागा ठरलेली. एखादा पुढून सुरू होतो, एखादा मागून, एखादा पट्ट्यापट्ट्यांनी. ज्यांना नाव नाही असे आजारसुद्धा त्यांच्या जागेवरून ओळखता येतात.

मोठीच्या मेंदूत मागच्या बाजूला दोन पांढरे पंख होते. डाव्या पंखाला खाली एक खाच होती. ते चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून काढून दाखवीन.

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. दोन पंख, आणि डाव्याला खाली खाच.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला भीती वाटलीच नाही. मला वाटलं, आली. इतकी वर्षं मी भरतेशला वेड्यात काढत होते आणि त्या एका क्षणात मी त्याच्याहून वेडी झाले. माझी राजू समोर होती, तिच्या डोक्याच्या आत होती तशीच. मग शेजारच्या खोलीतून धाकटीचं हसणं ऐकू आलं, आणि तेव्हा भीती वाटली.

"मी सांगत नव्हतो?" भरतेश म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता. त्याला तिथेच एक ठेवून द्यावीशी वाटली मला.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. पुण्याला पेशीरोपण होतं. आधी कडक औषधांनी मुलीची स्वतःची अस्थिमज्जा पूर्ण मारून टाकायची, मग दुसऱ्याच्या पेशी द्यायच्या. त्या मेंदूपर्यंत पोहोचून मायलिन सावरतात. आठांतलं एक मूल यातून वाचत नाही. वाचलेल्या मुलींना पुढे मूल होणं कठीण असतं. येत्या सोमवारी पुण्याला एक खाट रिकामी होत होती. ती सोडली तर पुढची कधी मिळेल, कुणी सांगू शकत नव्हतं, आणि पांढरा भाग काही आपल्यासाठी थांबत नाही.

"या टायमाला उशीर करायचा न्हाई," भरतेश गाडीत म्हणाला. "त्यासाठीच तर परत आलीय ती. आपल्याला एक चान्स दिलाय."

मागच्या सीटवर धाकटी सगळं ऐकत होती. तिच्यासमोर बोलू नये हे त्याला कळत नव्हतं, कारण त्याच्या मते तिला हे सगळं माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी अभ्यास करताना तिच्या हातून पेन्सिल पडली.

मी उचलून दिली. पुन्हा पडली. संध्याकाळी ती अंगणातून आली तेव्हा तिची पावलं बाहेरच्या कडेवर पडत होती. मी दाराला धरून उभी राहिले. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, सोमवार चुकवू नका. हे फार वाढलं तर पुण्याचे लोक घेणार नाहीत तिला."

मी बॅग भरायला घेतली. भरतेश तिला मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. तिला धीर यावा म्हणून सांगत होता.

"अगं, त्या मशीननंसुद्धा वळखलं तुला. पडद्यावर तुझा फोटो आला, दोन वेण्यांचा, दात पडलेला. खाली लिवलं हुतं, हीच काय? मी दाबलं, होय."

माझ्या हातात तिचा फ्रॉक होता.

"काय दाबलंस?"

"होय. हीच म्हणून."

वेटिंगमधली ती पाटी मला शब्दन् शब्द आठवली. नवीन मशीन इतकं झटपट काम कसं करतं, ते तिच्यावर कौतुकाने लिहिलं होतं. जुनं मशीन अर्धा-पाऊण तास ऐकायचं आणि मगच चित्र काढायचं. नवीन मशीन त्यातलं जेमतेम दहावा हिस्सा ऐकतं आणि बाकीचं आठवणीने भरतं. आधी, माणसांचे मेंदू साधारण कसे असतात त्या आठवणीने. आणि तोच माणूस पूर्वी येऊन गेला असेल, तर त्याच्या स्वतःच्या जुन्या चित्राच्या आठवणीने. आम्ही शिक्षक पेपर तपासताना हेच करतो. ओळखीच्या पोराचं अक्षर लागलं नाही तरी, त्याने काय लिहिलं असणार हे आपल्याला माहीत असतं, आणि आपण ते वाचून मोकळे होतो.

मशीनला सांगण्यात आलं होतं की ही तीच आहे. त्याने थोडं ऐकलं आणि बाकीची माझी मोठी मुलगी भरून टाकली.

मी भरतेशला बाहेर शेडमध्ये नेलं आणि सांगितलं. बीएस्सी झालेला माणूस, समजायला वेळ लागला नाही. पटायची गोष्ट वेगळी.

"म्हणजे मशीन खोटं बोलतंय?"

"खोटं नाही बोलत. तुझ्यावर विश्वास ठेवलाय त्याने."

तो म्हणाला, "आणि पेन्सिली? त्या बी मशीनच पाडतंय काय?"

ती खाच हुबेहूब मोठीची होती, म्हणून चित्र खोटं वाटत होतं; पेन्सिली पडताना मी स्वतः पाहिल्या होत्या, म्हणून खरं. दोन्हींतलं एकच खरं असणार होतं.

डॉक्टरांना फोन केला. "बहिणीचं जुनं चित्र शेजारी लावायला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही सारखी दिसली. मला वाटलं, सख्ख्या बहिणी, असणारच सारखी." केंद्राच्या व्यवस्थापकांनी नंतर कळवलं की पडद्याने रीतसर विचारलं होतं आणि पालकांनी होकार दिला होता. बरोबरच होतं त्यांचं.

पुण्यासकट सगळीकडे आता नवीनच मशीनं होती, फक्त सांगलीला एक जुनं मशीन भंगारात जायच्या वाटेवर होतं. त्याला आठवण नव्हती. जेवढं ऐकेल तेवढंच दाखवणारं. पण ते दुरुस्तीला उघडलेलं होतं, सोमवारी चालू होणार होतं. आणि सोमवारीच पुण्याला हजर व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "पेन्सिली पडतायत, हे मी डोळ्यांनी बघितलंय मॅडम. खाट सोडा असं मी म्हणू शकत नाही. आणि ह्या चित्रावर तिला केमो द्या असंही आता म्हणू शकत नाही. तुम्ही ठरवा."

चित्र खरं असेल आणि मी खाट सोडली, तर दुसऱ्यांदा उशीर. चित्र खोटं असेल आणि मी तिला पुण्याला नेलं, तर धडधाकट पोरीला मी माझ्या हाताने विष द्यायला लावणार. अंगणात धाकटी पावलांच्या कडांवरून चालत चुलीकडची मांजर पकडत होती. मी तिच्याकडे बघत पुण्याला फोन लावला आणि खाट सोडली.

भरतेश दारात उभा होता. "ही गेली तर तू मारलीस," तो म्हणाला आणि शेडकडे निघून गेला. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, त्यात तो मला असं कधी तोडून बोलला नव्हता.

सांगलीला मी आणि धाकटी एसटीने गेलो. जुनं मशीन म्हणजे बोअर मारायच्या गाडीसारखं धडधडणारं धूड. अर्धा तास अजिबात हलायचं नाही, हललीस तर चित्र बिघडतं, असं तिथल्या बाईंनी तिला सांगितलं. ती त्या बोगद्याकडे बघत माझ्या पदराला धरून उभी होती.

"मागच्या येळी मला झोपवलं हुतं ना गं?"

"मागच्या वेळी तू नव्हतीस," मी म्हणाले.

सात वर्षांत हे वाक्य मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. भरतेशशी भांडले, उपाध्यांना मध्ये घातलं, शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. पण जिला सांगायचं तिला सांगायचं राहूनच गेलं होतं.

"मग कोण हुतं?"

"तुझी अक्का. तुझी मोठी बहीण होती. ती आजारी होती. ती गेली."

"अक्का," ती स्वतःशीच म्हणाली. आणखी काही विचारेल म्हणून मी थांबले, पण ती वळली आणि स्वतःच त्या फळीवर जाऊन झोपली.

मला आत थांबू दिलं. मी तिच्या पावलावर हात ठेवून बसले. मशीन ठोकत होतं, थांबत होतं, पुन्हा ठोकत होतं. मोठीच्या वेळी मी अशीच बसले होते, पण तेव्हा पाऊल भुलीने सैल पडलेलं होतं. हे पाऊल ताठ होतं, गरम होतं, आणि हलायचं नाही म्हणून त्याचा अंगठा तिने गच्च आत ओढून धरला होता. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. वर पाहिलं तर काचेपलीकडे भरतेश उभा होता. तो कधी आला मला कळलं नाही.

डॉक्टर मिरजेहून आल्या होत्या. चित्र थराथराने पडद्यावर उतरत गेलं आणि त्या एकेका थरापाशी थांबत गेल्या. मेंदूची मागची बाजू आली. डावीकडे काळसर, उजवीकडे काळसर. त्यांनी पुन्हा मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले. "आजच्या घडीला काहीही नाही. दरवर्षी बघावं लागेल, अशाच मशीनवर. पण आज ही मुलगी निरोगी आहे."

माझ्या तोंडून हुंदकाच फुटला. मी भरतेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पडद्याकडे बघत होता, जिथे पंख असायला हवे होते तिथे.

"मग ती कुठंय?" तो म्हणाला.

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. मोठी गेली तेव्हा तो रडला नव्हता, माणसांची जेवणं बघत फिरत होता. धाकटी झाली तेव्हा आनंदाने रडला होता. मोठीसाठी तो आत्ता रडत होता, एवढ्या वर्षांनी, मुलगी निरोगी आहे हे ऐकून. माझा त्याच्यावरचा सगळा राग तिथे कुठल्या कुठे गेला. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले.

धाकटी फळीवरून उतरून आली. बापाला रडताना बघून घाबरली होती. माझ्या कानाला लागून तिने विचारलं, "आई, मग आता पेन्सिल पाडायची न्हाई काय?"

मी तिला पोटाशी धरलं. "नाही," मी म्हणाले. "नाही पाडायची. आणि पायसुद्धा सरळ टाकायचे."

"बरं," ती म्हणाली. तिचीही सुटका झाल्यासारखं वाटलं.

जुनी नोंद मिटवल्याशिवाय धाकटीची नवी नोंद होणार नव्हती, म्हणून परत येताना डॉक्टरांनी आम्हाला केंद्रावर नेलं. काउंटरच्या पडद्यावर पुन्हा तो फोटो आला. दोन वेण्या, पडलेला दात. खाली लिहिलं होतं, ही व्यक्ती हयात आहे का. होय. नाही.

'नाही' दाबलं की मोठीची सगळी चित्रं बंद होणार होती. ते पंख, ती खाच. ज्यांच्यापायी माझी दुसरी पोर जाता जाता वाचली होती, ते बंद व्हावेत म्हणून मी धडपडले होते. आणि आता मला ते एकदा बघावेसे वाटत होते. मी तसं बोलले नाही. भरतेशचं बोट पडद्याजवळ जाऊन थांबलं होतं.

धाकटीने टाचा उंचावून फोटो पाहिला. "ही अक्का व्हय?"

भरतेशने मान हलवली. तो शब्द त्याने तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता. "व्हय," तो म्हणाला. "ही तुझी अक्का." आणि त्याने 'नाही' दाबलं.

फोटो गेला. पडदा क्षणभर रिकामा राहिला, मग कॅमेऱ्याचा दिवा धाकटीवर पडला. नोंद सापडली नाही, अशी अक्षरं आली. नवीन व्यक्ती. नाव सांगा.

सवयीने भरतेशने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने तिला दुसरीचं नाव दिलं होतं आणि मी कुठलंच दिलं नव्हतं. आमच्या दोघांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मग तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

"काय नाव सांगू गं?"

"मी ठरवू?"

"व्हय. तूच ठरव."

तिने हाताची घडी घातली. "थांबा की मग. इच्चार करून सांगतो."

आमच्या मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ मोठ्याने खाकरले. मी वळून त्यांना म्हणाले, "जरा दम धरा, मुलीचं नाव ठरतंय."